कै. ताराबाई मोडक

शालेय वार्षिकात थोरांची चरित्रे देण्याचा परिपाठ जुना आहे. बहुधा ती राजांची, सेनापतींची, कवींची किंवा देशभक्तांची असतात. यंदा आम्ही ज्या बाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांनी लढाई जिंकली नाही, महाकाव्य लिहिले नाही, किंवा कोणते यंत्रही शोधून काढले नाही. अडीच-तीन वर्षांच्या, नाक वाहणाऱ्या, नावही धड सांगता न येणाऱ्या बालकांजवळ जमिनीवर मांडी घालून बसण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले. तथापि आपल्या गावात आणि गावोगावी आज जी अंगणवाडी आहे, तिचे नाव उच्चारताना आपण नकळत या बाईंच्या कार्याचेच स्मरण करीत असतो. म्हणून त्यांची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस असणे उचित होय, असे आम्हांस वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर व मातोश्री उमाबाई ही दोघेही प्रार्थनासमाजाच्या वळणाची. मुलीस शिकवू नये, तिचे लग्न लवकर उरकावे, असा तो काळ होता. परंतु या घरात तशी रीत नव्हती. ताराबाई कॉलेजात गेल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया किती विरळा होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

पुढील वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घर सुखवस्तू होते, गावात मान होता, आणि प्रभा नावाची एक कन्याही झाली. परंतु हा संसार टिकावयाचा नव्हता. त्याच्या कारणांत शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. १९२१ साली ताराबाई कन्येस घेऊन अमरावतीबाहेर पडल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पतीपासून वेगळी राहणारी, पदरी लहान मूल असलेली स्त्री त्या काळी लोकांच्या दृष्टीने दयेचा किंवा निंदेचा विषय असे. ताराबाईंनी दोहोंची वाट पाहिली नाही. राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. भाषा गुजराती, मुलूख परका आणि जबाबदारी मोठी. पण त्यांनी भाषा आपलीशी केली आणि कामही निभावून नेले.

येथेच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. आपल्या लहानग्या मुलीस कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रश्न साधा, प्रत्येक आईस पडणारा. पण ताराबाई त्यापाशी थबकल्या. त्या काळच्या शाळा म्हणजे छडी, पाठांतर आणि हाताची घडी. स्वतः शिक्षिकांच्या शिक्षिका असलेल्या या बाईस आपले मूल अशा शाळेत धाडवेना. अशा वेळी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ बालकांची एक अभिनव शाळा चालवितात, हे त्यांस कळले. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनाही आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीनेच या वाटेस आणले होते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. मिशा राखणाऱ्या या पुरुषास लोक प्रेमाने मिशावाली आई म्हणत. ताराबाई १९२३ साली राजकोटचे मानाचे पद सोडून भावनगरास गिजुभाईंच्या सोबतीस गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या.

भावनगरात ज्या पद्धतीची उपासना चालली होती, तिचे मूळ सातासमुद्रांपलीकडील रोम शहरात आहे. डॉ. मारिया माँटेसरी या इटलीतील विदुषीचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा. त्यांच्या देशात वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. आरंभी त्यांनी मंदबुद्धी म्हणून टाकलेल्या मुलांवर उपचार केले व त्यांस शिकविले. ही मुले शिकू शकतात हे पाहिल्यावर त्यांच्या मनात विचार आला की, मग धडधाकट मुले शाळांत इतकी मागे का राहतात? याचे उत्तर शोधण्याची संधी त्यांस एका विलक्षण रीतीने मिळाली. रोमच्या सान लोरेंझो नामक गरीब वस्तीत मजुरांसाठी चाळी दुरुस्त करून दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामास जात आणि मागे राहिलेली लहान मुले भिंती खरडीत, जिने घाण करीत. इमारतींची खराबी टळावी म्हणून मालकांनी मुलांस एका खोलीत बसविण्याचे ठरविले आणि देखरेखीस डॉ. माँटेसरींना बोलाविले. ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे बालगृह उघडले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे आम्हांस तिच्याकडे परत यावयाचे आहे : माँटेसरी पद्धती श्रीमंतांच्या वाड्यात जन्मलेली नाही, ती मजुरांच्या चाळीत जन्मली.

त्या पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. मूल म्हणजे आपण भरावयाचे रिकामे मडके नव्हे. ते स्वतःच वाढणारे रोप आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयात मुलाची इंद्रिये ज्ञानासाठी भुकेलेली असतात, आणि हाताने केल्यावाचून त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून शिक्षकाने बोलावे थोडे, पाहावे फार. मुलाच्या हाताशी पोहोचतील अशा बुटक्या फळ्यांवर साधने मांडावी आणि जे हवे ते त्याने उचलावे. गुलाबी मनोऱ्याचेच उदाहरण घ्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत्या मापाचे दहा लाकडी घन असतात. मोठ्यावर लहान असे रचीत गेले की मनोरा उभा राहतो. एखादा घन चुकीच्या जागी पडला तर मनोराच वेडावाकडा दिसतो. शिक्षकाने चूक दाखवावी लागत नाही, कान पिळावा लागत नाही. दट्ट्यांच्या ठोकळ्यातही तसेच. चुकीचा दट्ट्या खाचेत नीट बसत नाही. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत मूल अक्षराचे वळण शिकते आणि पाटी-पेन्सिल हाती येण्यापूर्वीच लिहिण्यास सिद्ध होते. बोळक्यातले पाणी न सांडता ओतणे, बोंडे लावणे, केर काढणे हीही तेथे शिक्षणाचीच अंगे. स्वातंत्र्य आहे, परंतु धिंगाणा नाही; कारण आवडीच्या कामात गढलेले मूल धिंगाणा घालीत नाही.

गिजुभाई व ताराबाई यांनी ही पद्धती घेतली, पण आंधळेपणाने नव्हे. डॉ. माँटेसरी लहान मुलांस पऱ्या-राक्षसांच्या कल्पित कथा सांगण्याच्या विरुद्ध होत्या. आमच्या देशात तर आजीच्या गोष्टीवाचून बालपण पुरे होत नाही. भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आल्या, गाणी आली, नाच आले, मातीकाम आणि बागकाम आले. १९२६ साली उभयतांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि शिक्षणपत्रिका नावाचे गुजराती मासिक चालविले. १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाई काढू लागल्या. मुलास मारू नये, त्याची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये, त्याच्या प्रश्नास उत्तर द्यावे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी त्या काळी मराठी आईबापांस कोणी तरी प्रथम सांगावयास हव्या होत्या. ते काम या पत्रिकेने केले.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिर होते आणि बालशिक्षिका तयार करण्याची सोयही झाली. संस्था नावारूपास आली. १९३९ च्या जून महिन्यात गिजुभाई निवर्तले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खुद्द डॉ. माँटेसरी मद्रासेस आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबून १९४६ पर्यंत त्या हिंदुस्थानात राहिल्या आणि शेकडो शिक्षकांस त्यांनी शिकविले. माँटेसरी हे नाव शहरांतील सुशिक्षितांच्या तोंडी झाले.

सामान्य माणूस येथे समाधान मानून थांबला असता. ताराबाईंस मात्र एक शल्य टोचू लागले. माँटेसरीची साधने काटेकोर मापाची, म्हणून महाग. महाग म्हणून फी अधिक. फी अधिक म्हणून शाळेत येणारी मुले सुखवस्तू घरांतील. जी पद्धती मजुरांच्या मुलांसाठी निघाली, ती मजुरांच्या मुलांसच दुर्मिळ झाली होती! आणि हिंदुस्थान तर खेड्यांत राहतो. गांधीजीही त्या सुमारास, शिक्षणाचा आरंभ सातव्या वर्षी नव्हे तर अगदी बालपणापासून झाला पाहिजे, असे प्रतिपादू लागले होते. हा विचार ताराबाईंच्या मनाने घेतला. १९४५ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षात, म्हणजे लोक ज्या वयात विसाव्याचा विचार करतात त्या वयात, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या खेड्यात गेल्या. हे गाव त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. हल्ली ते पालघर जिल्ह्यात मोडते.

त्यांच्या साथीस एक तरुण शिक्षिका आल्या : अनुताई वाघ. या आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. बालपणीच वैधव्य आले असता त्यांनी शिक्षणाची कास धरली होती आणि पुण्यात शिक्षिकेचे काम केले होते. बोरिवली येथील कस्तुरबा निधीच्या शिबिरात त्यांची व ताराबाईंची गाठ पडली आणि पुढील सर्व आयुष्य त्यांनी याच कार्यास दिले. गुरू-शिष्येची अशी जोडी महाराष्ट्रात विरळाच.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीस बालवाडी सुरू झाली. गावातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले आली. परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती हरिजनवाड्यातील व आदिवासी पाड्यांतील मुले येईनात. कशी येणार? कोणी शेरडे राखीत होते, कोणी सरपण गोळा करीत होते, कोणाच्या काखेत धाकटे भावंड होते. शिवाय शाळा ही आपल्यासाठी असते, असे त्यांच्या आईबापांस पिढ्यान्‌पिढ्या कोणी सांगितलेच नव्हते. दुसरा कोणी असता तर या लोकांस शिक्षणाची आवड नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी दोष मुलांकडे न पाहता शाळेकडे पाहिला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेने उठावे आणि मुलाच्या अंगणात जावे! शिक्षिका टोपली घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. ज्या अंगणात मुले खेळत, तेच झाडून-सारवून तेथे बालवाडी भरू लागली. ही अंगणातील बालवाडी, हीच अंगणवाडी.

पहिला धडा अक्षरांचा नव्हता. तोंड धुणे, नखे काढणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे हाच पहिला धडा. नंतर गाणी, गोष्टी, खेळ. आणि साधने? ती समुद्राने, झाडांनी आणि मातीने फुकट दिली. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, फुले, कळकाच्या कांड्या, ओली माती यांनी टोपली भरली. येथे ताराबाईंची खरी बुद्धिमत्ता दिसते, म्हणून आम्ही क्षणभर थांबतो. मनोऱ्यातील शहाणपण गुलाबी रंगात नसते आणि परदेशी लाकडातही नसते; ते चढत्या मापात असते, आणि चूक मुलास आपोआप दिसावी या युक्तीत असते. कळकाच्या दहा कांड्या एकेक बोट वाढवीत कापल्या आणि मुलापुढे टाकल्या, तरी तेच शहाणपण तेथे हजर होते. शिंपल्यांचे ढीग लहान-मोठे लावणे, चिंचोके दहा-दहांत मोजणे, यांतून गणिताचा पाया पडतोच. सारांश, ताराबाईंनी माँटेसरीचे कवच टाकले आणि गर राखला.

पुढे १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली बांधवांच्या मुलखात गेले. तेथे आणखी एक अडचण सामोरी आली. मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर तान्हे भावंड असते. तिने भावंड टाकावे कोठे? या प्रश्नास उत्तर म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा अशी रचना झाली. तीस विकासवाडी म्हणत. मुलगी येताना भावंडांस घेऊनच येई. तान्हे पाळणाघरात, तिसरे-चौथे वर्ष लागलेले बालवाडीत आणि ती स्वतः आपल्या वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि कुरणातच वर्ग भरे. जी अडचण सांगून आपण मुलांस शाळाबाह्य ठरवितो, ती अडचणच त्यांनी शाळेच्या रचनेत बसविली.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. १९६२ साली सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांनी देह ठेवला. डॉ. माँटेसरींचा जन्मदिवस तोच, हा योगायोग मनास चटका लावून जातो. अनुताईंनी कोसबाडचा दिवा पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या श्वासापर्यंत तेवत ठेविला. ताराबाईंच्या निधनास दोन वर्षे होतात न होतात तोच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज एकट्या महाराष्ट्रात अशा अंगणवाड्या लाखावर आहेत.

येथवर चरित्र झाले. आता आमच्या मारुंजीकडे वळू. काही वर्षांपूर्वी भाताच्या खाचरांनी वेढलेले हे मुळशी तालुक्यातील खेडे हिंजवडीच्या संगणकनगरीच्या शेजारामुळे पाहता पाहता बदलले. खाचरांच्या जागी उंच इमारती आल्या आणि रस्त्यावर माँटेसरी या नावाच्या पाट्या झळकू लागल्या. पालकांनी एक गोष्ट जाणावी की, हे नाव पाटीवर लावण्यास कोणाची मनाई नाही; म्हणून पाटी वाचून न थांबता आत डोकावून पाहावे. तीन वर्षांच्या मुलास ओळीत बसवून वहीत अक्षरे गिरवावयास लावीत असतील, तर पाटीवर काहीही असो, ते माँटेसरी नव्हे. मुले हाताने काही करीत असतील, लहान-मोठी एकत्र असतील, शिक्षिका खाली बसून शांतपणे पाहत असतील, तर पाटी नसली तरी तेथे माँटेसरी आहे. आणि घरी मुलास घरच्या कामात हात घालू द्यावा. वाटाणे सोलणे, ताटे मांडणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांसाठी फी पडत नाही. फक्त आपल्याला धीर धरावा लागतो.

परंतु या पाट्यांच्याच शेजारी दुसरे एक दृश्य आहे. शाळेच्या वाटेवर एका नव्या इमारतीचे बांधकाम चालू आहे. पलीकडे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. दूरच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतून आलेले आईबाप दिवसभर इमारतीवर असतात आणि लहान मुले वाळूच्या ढिगावर. गेल्या पावसाळ्यात आम्ही रोज सकाळी एक मुलगी पाहत असू. वय असेल आठ-नऊ. काखेत भावंड घेऊन ती रस्त्याच्या कडेस उभी राही आणि आमच्या गणवेशातील मुलींकडे टक लावून पाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती दिसली नाही. तेथील काम संपून तिचे आईबाप अन्यत्र गेले असावेत. तिला एकदा तरी थांबून नाव विचारावे, हे आम्हांस, म्हणजे बालशिक्षणावर लेख लिहिणाऱ्यांस, सुचले नाही. ही कबुली देताना आम्हांस लाज वाटते. पण ताराबाईंचे चरित्र लिहावयाचे आणि ही गोष्ट लपवावयाची, हे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

सान लोरेंझोची ती चाळ आणि मारुंजीचा हा पत्र्याचा अड्डा यांत अंतर काय? १९०७ साली मालकांस भिंतींची काळजी होती आणि एका बाईस मुलांची. भिंती आजही उभ्या राहत आहेत. प्रभू येशूजवळ लोक बालके आणीत असता शिष्यांनी त्यांस अडविले, तेव्हा प्रभूने शिष्यांस दटावून त्या बालकांस कवेत घेतले, ही कथा आमच्या शाळेत प्रत्येक मुलास ठाऊक आहे. बालकांस अडविणारे ते शिष्य दुष्ट नव्हते. ते फक्त अधिक महत्त्वाच्या कामात होते. आम्हीही बहुधा तसेच असतो.

वरच्या वर्गांतील विद्यार्थिनी व विद्यार्थीहो, तुम्हांस ताराबाईंप्रमाणे घर सोडून बोर्डीस जावयास कोणी सांगत नाही. परंतु एक टोपली, मूठभर चिंचोके, चार गाणी आणि शनिवारची दुपार एवढे भांडवल तुमच्यापाशी खचित आहे. शिक्षक व पालक बरोबर येतील. वस्तीतील आईबापांस आधी विचारावे आणि मग अंगण झाडून बसावे. पहिल्या दिवशी कोणी जवळ येणार नाही, दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे येतील. त्यांतील एखादीच्या काखेत भावंड असेल. तिला प्रथम नाव विचारा.